तंबोरा आणि त्याचा धनी



ज्या संगीतशिक्षकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान दरवर्षी होते, त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार माझ्यापेक्षा समोर बसलेल्या पुष्कळांना अधिक आहे. मी त्यांचा विद्यार्थी नव्हे. माझा जन्म साहित्य शिकविण्यात गेला आणि गाणे हा माझ्या बाजूने केवळ ऐकण्याचा विषय राहिला. म्हणून त्यांच्या गुणवर्णनात न शिरता, त्यांच्या हाताशी आयुष्यभर असलेल्या एका वस्तूविषयी बोलावे, असे मी ठरविले. ती वस्तू म्हणजे मिरजेचा तंबोरा. तंबोरा करणाऱ्यांच्या कौशल्याविषयी अधूनमधून लिहिले जाते. तो घेणाऱ्याचे, घरी आणणाऱ्याचे, चाळीस-पन्नास वर्षे सांभाळणाऱ्याचे अनुभव मात्र कोणी फारसे मांडत नाही. माझ्या घरी असा एक तंबोरा १९७६ पासून आहे, आणि आपल्या या टावर चौकाच्या आसपास, फ्रीगंजातील जुन्या मराठी घरांतून, आणखी कित्येक असावेत. त्यांतील बरेच भिंतीला टेकून गप्प उभे आहेत. ते गप्प का झाले, हा माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

प्रथम मिरजेविषयी थोडे. मिरज हे पटवर्धनांचे संस्थान. तेथील शिकलगार कुटुंबे शस्त्रे उजळण्याचे आणि त्यांना धार लावण्याचे काम करीत. १८१८ मध्ये पेशवाई गेली, लढाया थांबल्या आणि तलवारीला गिऱ्हाईक उरले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास त्यांपैकी फरीदसाहेब शिकलगार यांनी गवयांची वाद्ये दुरुस्त करता करता स्वतःच तंबोरे व सतारी घडविण्यास आरंभ केला, अशी परंपरा सांगते. पुढे या मंडळींनी ‘सतारमेकर’ असे आडनावच घेतले. भाषेच्या अभ्यासकाला या आडनावाचे मोठे कौतुक वाटते. पहिला अर्धा भाग फारसीतून आलेला, दुसरा इंग्रजीतून, आणि ते लावणारा माणूस बोलतो मात्र मिरजेची खणखणीत मराठी.

या गावाला गवयांचा शेजार लाभला, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत होते; विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्यापाशी शिकून १८९६ मध्ये तेथून बाहेर पडले. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेस येऊन राहिले. १९३७ मध्ये दक्षिणेच्या प्रवासात त्यांचे देहावसान झाले, तरी त्यांना विसावा दिला गेला तो मिरजेतील ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात. खाँसाहेब स्वतः वाद्यदुरुस्तीत वाकबगार होते. गवई आणि कारागीर यांच्या घरांत असे चार गल्ल्यांचे अंतर असले म्हणजे काय होते, ते पाहा. सकाळी तंबोऱ्याचा पंचम खरखरला, तर दुपारी तो कारागिराच्या मांडीवर असे, आणि संध्याकाळी तो बरोबर झाला की नाही हे सांगणारा कान त्याच्या समोर बसलेला असे. शंभर-सव्वाशे वर्षे हे चालले. मिरजेच्या तंबोऱ्याची जी कीर्ती आहे, तिच्यात लाकडाइतकाच या अंतराचा वाटा आहे.

आता वस्तूकडे वळू. तंबोऱ्याचा भोपळा शेतातला असतो. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूस, भीमेच्या काठी, तो लावतात. खाण्याच्या भोपळ्याशी त्याचा संबंध नाही. तो कडू, आणि वाढतो तो घेरासाठी. पुरुषांच्या तंबोऱ्याला पन्नास इंचांच्या वर घेराचा भोपळा लागतो. तो कित्येक महिने वाळवायचा, तोंड कापायचे, भिजवायचा, आतला गर खरवडून काढायचा, हव्या त्या आकारात ताणून पुन्हा वाळवायचा. मग त्याला तुनाच्या लाकडाची दांडी जोडायची आणि तोंडावर त्याच लाकडाची तबली बसवायची. जोड सरसाचा. वर लाखेची चकाकी. खुंट्या, मणी, घोडी आणि चार तारा. सगळे सामान असे साधे, गावातले आणि रानातले. घोडीसाठी पूर्वी हस्तिदंत किंवा सांबरशिंग वापरीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते हळूहळू गेले आणि हाड, शिसवी, पुढे कृत्रिम द्रव्ये त्यांच्या जागी आली. जुनी घोडी ज्यांच्या तंबोऱ्याला आहे, त्यांनी ती बदलण्याची घाई करू नये, एवढे जाता जाता सांगून ठेवतो.

एवढे झाले तरी तंबोरा बोलत नाही. तो बोलतो जवारीने. इतर पुष्कळ तंतुवाद्यांत तार घोडीच्या धारेवरून जाते. तंबोऱ्यात ती एका रुंद, किंचित उतरत्या पाठीवर टेकते आणि कंप पावताना त्या पाठीला पुन्हा पुन्हा स्पर्श करते. त्या स्पर्शामुळे एका स्वरातून अनेक स्वर उमलत जातात. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास आपल्या तंतुवाद्यांवर लेख लिहिला, तेव्हा त्यांचे लक्ष याच घोडीकडे गेले. तार जेथे छेडावी तेथे ज्या स्वरांश्रुती उमटू नयेत असे युरोपीय शास्त्र म्हणत होते, त्या येथे स्पष्ट ऐकू येत होत्या. रामन यांनी त्याचे कारण घोडीच्या या वक्र पाठीत शोधले. मिरजेच्या कारागिराने तो लेख वाचला नव्हता. त्याच्यापाशी एक कानस होती. कानशीचा एक हलका हात अधिक फिरला तर जवारी बसते, एक कमी पडला तर ती उघडत नाही. त्याच्यापुढचा हिशेब दोऱ्याचा. तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकविलेला तो सुताचा किंवा रेशमाचा धागा; त्याला ‘जीव’ असेही म्हणतात, आणि या शब्दावर भाष्य करण्याची गरज नाही.

मात्र ही जवारी कायमची नसते. तार रोज त्याच जागी घासते, घोडीवर सूक्ष्म चरे पडतात, आवाज प्रथम कर्कश होतो, मग मिटतो. रोजच्या रियाजात असलेल्या तंबोऱ्याची जवारी वर्षा-दोन वर्षांनी नव्याने काढावी लागते. म्हणजे तंबोरा विकत घेऊन व्यवहार संपत नाही. पुस्तक घेतले, पैसे दिले, पुस्तक आपले झाले; तंबोरा तसा कधीच संपूर्ण आपला होत नाही. तो करणाऱ्याकडे आपल्याला वारंवार जावे लागते, किंवा त्याला आपल्याकडे यावे लागते. हे येणेजाणे थांबले की वाद्य मुके होते. आपल्या गावातल्या भिंतीशी टेकलेल्या तंबोऱ्यांचे दुखणे बहुधा एवढेच आहे.

माझा स्वतःचा अनुभव थोडक्यात सांगतो. माझी पत्नी गात असे. १९७६ मध्ये आम्ही मिरजेच्या एका कारागिरास पत्र लिहून तंबोऱ्याची किंमत विचारली. उत्तराच्या पोस्टकार्डात किंमत नव्हती, प्रश्न होते. गाणारे कोण, स्त्री की पुरुष? पट्टी कोणती? तंबोरा गाणारा स्वतः छेडणार की मागे कोणी बसणार? घर मातीचे की सिमेंटचे? शेवटचा प्रश्न वाचून मला हसू आले होते. आम्ही काळी चार असे कळविले. सात महिन्यांनी मी तो आणावयास गेलो. येथून मिरज आठ-नऊशे किलोमीटर. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. भुशाचा आणि लाखेचा वास. वृद्ध कारागिराने तंबोरा माझ्या हाती न देता विचारले, “सर, बाईंना का आणलं नाही? आता ऐकून सांगणार कोण?” मी म्हणालो, मी ऐकतो. ते म्हणाले, “तुम्ही ऐकालच हो. पण सूर ज्यांना लावायचाय, त्यांच्या कानाचं काम हाय हे.” अखेर त्यांनी जवारी थोडी बंद ठेवली आणि सांगितले की सहा महिने वाजवा, तारा बसू द्या, मग मी इंदूरकडे येणार आहे तेव्हा बाईंच्या समोर उघडून देईन. आणि ते खरोखरच आले.

त्या दुपारी आमच्या बैठकीत जे घडले, ते मी कोणत्याही वर्गात पाहिलेले नाही. ते दोन फटके कानशीचे मारीत, तार चढवीत, छेडीत आणि माझ्या पत्नीच्या तोंडाकडे पाहत. ती म्हणे, खर्ज अजून दूर वाटतो. ते दोरा केसभर सरकवीत. ती म्हणे, आता जोडीतली दुसरी तार पहिलीच्या पुढे धावते. ते मान डोलवीत. असे चार तास. संध्याकाळी त्या तंबोऱ्यातून स्वयंभू गंधार इतका स्पष्ट ऐकू येऊ लागला की शेजारचे गृहस्थ कोण गात आहे म्हणून पाहावयास आले. माझी पत्नी पुढे म्हणत असे की दहा वर्षांच्या शिकवणीत जेवढे ऐकावयास शिकले नाही, तेवढे त्या चार तासांत शिकले. कारागिराने तिचा कान तपासला, तिने त्याचा हात.

घर मातीचे की सिमेंटचे, या प्रश्नाचे उत्तर आम्हांस पहिल्या उन्हाळ्यात मिळाले. मिरजेची हवा निराळी आणि माळव्याची निराळी. वैशाखात येथे लू सुरू झाली, आमच्या सिमेंटच्या खोलीची पश्चिमेची भिंत तापली आणि भोपळ्याला गळ्यापासून वीतभर तडा गेला. पत्राला उत्तर आले: घाबरू नये, तेल मुळीच लावू नये, तारा उतरवून वाद्य आतल्या खोलीत ठेवावे. पुढच्या फेरीत त्यांनी आतून कापडाची पट्टी सरसाने बसविली. तो तडा आजही दिसतो आणि आवाजाला त्याची बाधा नाही. पावसाळ्याचे दुखणे उलटे. खुंट्या फुगून अडकतात, किंवा घसरतात. घसरणाऱ्या खुंटीला खडूची पूड लावावी. या गोष्टी कोणत्याही ग्रंथात मला आढळल्या नाहीत. सगळे ज्ञान पोस्टकार्डांवर होते. ती सतरा कार्डे मी जपून ठेवली आहेत, आणि मराठी गद्याचा नमुना म्हणूनही ती मला पुष्कळ ललित निबंधांहून सरस वाटतात.

माळव्याच्या या कोरड्या हवेचा एक उपकारही आपल्यावर आहे, आणि तो विसरता येत नाही. क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व १९४८ मध्ये देवासला आले ते हवेसाठीच. येथून देवास जेमतेम पस्तीस-चाळीस किलोमीटर. ज्यांनी त्यांच्या मैफली ऐकल्या आहेत त्यांना आठवत असेल, की गाण्याआधी तंबोरे लावण्यास ते किती वेळ देत आणि त्यात किती कठोर असत. काही श्रोते चुळबुळ करीत. मला त्या वेळात मैफल सुरू झालेलीच असे. तंबोऱ्याचा धनी कसा असावा, याचे याहून मोठे उदाहरण माझ्यापाशी नाही.

सर्वांचे अनुभव असे गोड नाहीत, हेही सांगितले पाहिजे. ज्यांनी शोभेच्या नक्षीकडे पाहून तयार वाद्य उचलले, त्यांना पुष्कळदा कच्च्या भोपळ्याचा आणि वर्षभरात वाकलेल्या दांडीचा अनुभव आला. ज्यांनी मागणी नोंदविली त्यांना वाट पाहावी लागली. एका परिचिताने दोन वर्षे वाट पाहून नाद सोडला. लहान घरातला एकटा कारागीर आजारी पडला की सगळी कामे थांबतात. माझी एक विद्यार्थिनी लग्नानंतर अमेरिकेत गेली आणि तंबोरा सोबत घेऊन गेली. तेथील हिवाळ्यात घरे आतून तापवितात, त्या कोरड्या उष्णतेने तबलीचा जोड उकलला. गिटार दुरुस्त करणाऱ्या एका कुशल माणसाने तो सुरेख जोडून दिला, पण जवारीला हात लावण्यास त्याने नम्रपणे नकार दिला. मला त्या नकाराचे फार कौतुक वाटते. ती आता दर तीन वर्षांनी, भारतात येते तेव्हा, केवळ घोडी सोडवून पिशवीत घालून आणते.

पाश्चात्त्यांकडे या बाबतीत निराळी शिस्त आहे. अमेरिकेत लॉइड लोअर नावाच्या गृहस्थाने गिब्सन कारखान्यात १९२२ ते १९२४ या काळात मॅन्डोलिने तपासून आत सहीची आणि तारखेची चिठ्ठी लावली. शंभर वर्षांनी आजही त्या एकेका मॅन्डोलिनचा धनी कोण, पूर्वीचा कोण, याची माहिती शौकीन मंडळी ठेवतात. मॅन्डोलिनचे नाव निघाले म्हणून सांगतो, की हे परके वाद्य आपल्या माळव्यातल्याच एका माणसाने हिंदुस्थानी रागांपर्यंत नेले. संगीतकार सज्जाद हुसैन १९१७ मध्ये सीतामऊ येथे जन्मले आणि १९९५ मध्ये वारले. मॅन्डोलिनच्या पडद्यांवर मींड काढणे म्हणजे पायऱ्यांवरून पाणी न सांडता ओघळविणे. ते त्यांनी साधले. परंतु तेथे पडदे कारखान्यात पक्के होतात. तंबोऱ्याला पडदेच नाहीत. त्याचे सगळे काम कानावर सोपविलेले, करणाऱ्याच्या आणि धन्याच्या.

आता पेटीविषयी. १९७९ मध्ये बंगळूरला रॅडेलने इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला, आणि आज तर तो खिशातल्या फोनमध्ये आहे. या यंत्राला नावे ठेवण्याची माझ्या पिढीत रीत आहे. मला ती पटत नाही. दोन खोल्यांच्या घरात, मागे तंबोऱ्यावर बसावयास कोणी नसताना, पहाटे पाच वाजता रियाज करणाऱ्या मुलींना या पेटीने सूर दिला आहे. ती तडकत नाही, तिला लू लागत नाही. माझी हरकत एकाच ठिकाणी आहे. ती आयता सूर देते. तंबोरा सूर देत नाही, मागतो. तो लावल्याशिवाय गाणे सुरूच होत नाही. म्हणून आपल्या स्मरणीय शिक्षकांकडे पहिले सहा महिने विद्यार्थी केवळ तंबोरा लावीत, असे त्यांच्या शिष्यांकडून मी ऐकले आहे. मराठीत ‘सूर लागणे’ आणि ‘सूर लावणे’ हे दोन निराळे प्रयोग आहेत. पेटीपाशी पहिलाच उरतो.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाची गोष्ट आहे. दुसऱ्या कोणी आपल्या मालावर मिरजेचे नाव लावू नये, यासाठी तिचा उपयोग होईल. पण मानांकन नावाचे रक्षण करते, हाताचे करीत नाही. तरुण हात या कामात टिकावयाचे तर त्यांना नव्या मागणीबरोबर जुन्या वाद्यांचे कामही मिळाले पाहिजे, आणि ते काम आपल्यासारख्यांच्या घरी पडून आहे. नवा तंबोरा घराला आयुष्यात एकदा लागतो. जवारी पंचवीस वेळा. हिशेब सरळ आहे.

या शाळेच्या संगीताच्या खोलीत कपाटावर दोन तंबोरे आडवे ठेवलेले आहेत, हे मला गेल्या वर्षी कळले. गवसण्या काढून पाहिले. एक पुरुषांचा, एक स्त्रियांचा, दोन्ही मिरजेचे. एकाचे तीन मणी नाहीत, दुसऱ्याच्या घोडीवर चारही तारांचे चरे नखाला लागतात. भोपळे मात्र निरोगी आहेत. हे चरे ज्यांच्या हातून पडले, त्यांच्याच नावाने आपण येथे जमलो आहोत. कोणी सुचविले की ते काचेच्या कपाटात ठेवावेत. मी मुख्याध्यापकांना विनंती केली की तसे करू नये, आणि माझ्या कारागिरांच्या नातवाला दूरध्वनी केला. आजोबा जाऊन आता बरीच वर्षे झाली. नातू तेच काम करतो. त्याने विचारले, “सर, तिथं गाणारं कोण हाय?” मी म्हणालो, आठवीच्या चार मुली आणि एक मुलगा. तो म्हणाला, मग येतो.

दिवाळीनंतर, हवा कोरडी पण थंड असताना, तो तीन दिवस येथे राहील. त्याला पंखा बंद ठेवता येईल अशी खोली हवी आहे, रस्त्याच्या बाजूची नको. टावर चौकाच्या भोंग्यांत जवारी ऐकू येणार नाही. शाळेने मागची चित्रकलेची खोली देऊ केली आहे. ती पाचही मुले तिन्ही दिवस त्याच्याजवळ बसतील, ही त्याची अट आहे आणि ती मान्य झाली आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या घरी तंबोरा असेल, त्यांनी तो वाद्य उभे धरून, तारा सैल करून आणावा आणि नाव कार्यालयात नोंदवावे. काल संध्याकाळपर्यंत नऊ नावे आली होती. तारा तो मिरजेहून आणील. पट्टी मात्र आपण आधी कळवावयाची आहे.